परदेशातून भेट येतेय? कस्टमचे पैसे फोनवर भरू नका

पाकिटावर 'गिफ्ट' लिहिलं म्हणून कर माफ होत नाही. राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली, तर डिसेंबर 2019 पासून भेटवस्तूंवर सीमाशुल्क लागतं. पार्सल टपालानं आलं, तर ते घेताना पोस्टात पैसे भरा आणि पावती मागून घ्या.

आर्णी असो की मेहकर, "तुमचं गिफ्ट दिल्ली एअरपोर्टला अडकलंय, यूपीआय करा" असा फोन आला तर एक रुपयाही देऊ नका. कस्टमवाले कुणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाहीत. त्यांच्या पत्रावर 'डीआयएन' म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक असतो, तो सीबीआयसीच्या (कस्टम खातं चालवणाऱ्या केंद्रीय मंडळाच्या) संकेतस्थळावर तपासता येतो. घरच्या म्हाताऱ्या माणसांना हे आजच सांगा. पैसे गेलेच असतील, तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.