उतरताना विमान धावपट्टीवर भरकटू नये म्हणून

मराठवाड्यात पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिम-नैर्ऋत्येचा असतो. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाची धावपट्टी ०९/२७, म्हणजे तिची टोके सुमारे ९० आणि २७० अंशांच्या दिशेने. धावपट्टी २७ वर उतरताना २४० अंशांवरून १४ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) वारा असेल, तर कोन ३० अंश, म्हणजे आडवा वारा निम्मा, ७ नॉट, डावीकडून. सेसना १७२ हे छोटे प्रशिक्षण विमान चाचणीत १५ नॉट आडव्या वाऱ्यापर्यंत उतरवून दाखवले आहे. शिकाऊ वैमानिकाने प्रशिक्षकाने घालून दिलेली त्याहून कमी मर्यादाच पाळावी.

फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक हलके उचलताना) डावा पंख किंचित खाली, उजव्या रडरने (पायातल्या पेडलांनी हलणारी शेपटीची उभी झडप) नाक मध्यरेषेवर. आधी डावे मुख्य चाक टेकेल, मग उजवे. नोजव्हील, म्हणजे नाकाखालचे चाक, पेडलांना जोडलेले असते, म्हणून ते टेकण्याआधी रडर मधोमध आणा, नाहीतर विमान झटक्याने वळते. टाचा जमिनीवरच ठेवा, नाहीतर पेडलांच्या वरच्या भागातला ब्रेक नकळत दाबला जातो.

खरी गडबड चाके टेकल्यानंतर होते. विद्यार्थी सैल पडतो, एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा) सोडतो. वेग घटेल तसा एलेरॉनचा परिणाम कमी होतो, म्हणून योक (हातातले सुकाणू) वाऱ्याच्या बाजूला वाढवत न्यायचा, अगदी शेवटपर्यंत. योक पुढे ढकलू नका: भार नोजव्हीलवर जातो आणि विमान त्याच्याभोवती गरकन फिरते.

नाक डावीकडे वळले तर उजवा रडर द्या, प्रतिसाद दिसताच सैल करा. वेग पुरेसा असून विमान मध्यरेषेवर येत नसेल तर गो-अराउंड, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा उड्डाण: पूर्ण थ्रॉटल (इंजिनाची शक्ती), उजवा रडर, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) २० अंश. वेग घटून विमान कडेकडे चालले असेल तर मात्र थ्रॉटल बंदच ठेवा.