कालवड खाली केली? मग भरवायच्या आधी या चुका टाळा

कालवडी मोकळ्या सोडल्या की कुठला तरी मोकाट वळू, नाहीतर आपलाच वयात आलेला गोऱ्हा काम करून जातो, आणि दहा महिन्यांची कालवड गाभण निघाली की डॉक्टर इंजेक्शन देऊन तिला खाली करतात, म्हणजे गाभ पाडतात. इथपर्यंत ठीक. खरी गडबड पुढे होते.

इंजेक्शननंतर साधारण ३ ते ५ दिवसांत ती माजावर येते आणि आपण म्हणतो, आलीच आहे तर भरवून टाकू, म्हणजे रेतन करून घेऊ. अहो, ती लहान होती म्हणूनच खाली केली ना, मग चार दिवसात वाढली का? एचएफ क्रॉस (होल्स्टिन संकरित) कालवड २५० किलोच्या पुढे गेल्याशिवाय भरवू नका, वय कितीही असू दे. काटा नसेल तर टेप घ्या, पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात मोजा, घेर गुणिले घेर गुणिले लांबी भागिले ६६०, आलेला आकडा म्हणजे अंदाजे किलो. घेर ६० आणि लांबी ४८ असेल तर २६१ च्या आसपास येतं.

दुसरी चूक मी स्वतः केलीय. इंजेक्शन दिलं म्हणजे खाली झालीच असं धरून चाललो. माज दिसला नाही तर म्हटलं मुका माज (बाहेरून लक्षणं न दिसणारा) असेल, पोट सुटलं तर म्हटलं खुराक लागू पडतोय, चांगला खूश होतो मी! आणि ती गाभणच होती, पुढे वासरू ओढून काढावं लागलं. सुरुवातीच्या दिवसात गाभ पडला तर काहीच दिसत नाही, आणि पाचव्या महिन्यानंतर नुसत्या या इंजेक्शनवर भरवसा नसतो, कधी वासरू आतच मरून वाळतं आणि माजच बंद होतो. म्हणून १५ दिवसांनी डॉक्टरांना हात घालून तपासायला लावाच. (हे इंजेक्शन गरोदर बाईने किंवा दम्याच्या माणसाने हाताळू नये, कातडीतून अंगात जातं.)

गाभ तीन-चार महिन्यांचा होऊन पडला असेल तर जार (वासराबरोबरची वार) अडकू शकते. ती ओढू नका, दगडबिगड तर अजिबात बांधू नका, गर्भपिशवी आतून फाटते-सुजते आणि मग कालवड वर्षभर उलटत बसते, म्हणजे भरवूनही गाभ न राहता पुन्हा माजावर येते. अशा कालवडीचे कमीत कमी दोन माज सोडा. सोट (माजात येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ पाहिजे, त्यात पांढरे कण किंवा वास असला तर रेतन नाही, आधी उपचार.

आणि इंजेक्शन न देताच गाभडली, तेही पाचव्या महिन्यानंतर, तर पहिला संशय ब्रुसेला या गाभ पाडणाऱ्या संसर्गजन्य रोगाचा. रक्त तपासा, पडलेलं वासरू आणि जार हातमोजे घालून चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांना टाकू नका, हा रोग माणसालाही होतो. लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना, एकदाच. मोठ्या कालवडीला नंतर टोचून घेण्यात अर्थ नाही.

एवढं करूनही उलटली तर आधी वेळ बघा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. आपल्याकडे रेतनवाला जेव्हा मोकळा तेव्हा माज असं चालतं. तीनदा उलटली की चौथी कांडी (रेतनाच्या वीर्याची नळी) वाया घालवू नका आणि मेडिकलमधून हार्मोनचं इंजेक्शन आणून स्वतः टोचू नका, तेवढ्या पैशात पिशवीची नीट तपासणी होते.