स्तनपानासाठी आयांचा ग्रुप चालवताय? या चुका टाळा

ग्रुप सुरू होतो जोरात, मग नुसती फॉरवर्ड्स उरतात आणि जिला खरंच त्रास होतोय ती गप्पच बसते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे विचारायच्या आधीच सल्ला. एखादीने "दूध पुरत नाही" लिहिलं की लगेच दहा जणी वरचं दूध सुचवतात. अगं आधी विचारा ना, २४ तासांत बाळ किती वेळा पितं (८ ते १२ वेळा नॉर्मल आहे), पाचव्या दिवसानंतर दिवसाला ६ वेळा तरी शू होते का, वजन वाढतंय का. हे ठीक असेल तर बाळ संध्याकाळी सारखं सारखं मागतं म्हणून दूध कमी आहे असं नसतं. उलट गरज नसताना वरचं सुरू केलं की बाळ अंगावर कमी ओढतं, आणि मग दूध खरंच कमी व्हायला लागतं. पण जी आधीच वरचं देतेय तिला ग्रुपवर बोल लावू नका प्लीज, ती परत काही विचारणारच नाही.

निपल दुखतंय, चिरा पडल्यात, हे टाइप करून सुटत नाही. व्हिडिओ कॉल करा, तिची हरकत नसेल तरच, आणि फोटो ग्रुपवर कधीच मागू नका. तोंड मोठं उघडलंय का, खालचा ओठ बाहेर वळलाय का, हनुवटी छातीला टेकलीय का बघा. पिऊन झाल्यावर निपल चपटं किंवा तिरकं दिसलं तर बाळ वरवर, नुसतं निपलच धरतंय.

फोन तिचा एकटीचा आहे असं धरून चालू नका, बऱ्याचदा तो नवऱ्याचा किंवा सासूचा असतो आणि व्हॉइस नोट घरभर ऐकू जाते, म्हणून कधी फोन केलेला चालेल ते आधीच विचारा. अगदी लहान वयाच्या मुली मोठ्या बायकांसमोर बोलत नाहीत, त्यांचा वेगळा छोटा ग्रुप करा.

छाती लाल, दुखरी आणि ताप असेल तर डॉक्टर, पण पाजणं थांबवायचं नाही. बाळ सुस्त आहे, पीत नाही, शू कमी झाली तर ग्रुपवर चर्चा नको, लगेच दवाखाना.

आणि नव्या आईच्या मेसेजची वाट बघू नका, बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी स्वतः फोन करा, तेव्हा दूध भरून छाती दगडासारखी होते आणि बाळाला धरताच येत नाही, हाताने थोडं दूध काढून निपलभोवतीचा काळा भाग मऊ केला की धरतं.