ऑनलाइन स्पीच थेरपी : आधी कॉल तपासा, मग मुलाचा उच्चार

सुरुवातीला एक चूक मी तब्बल तीन आठवडे करत राहिले. दुसरीतला मुलगा, तक्रार ‘स’ची. स्क्रीनवरून मला त्याचा ‘स’ ऐकूच येईना. तो ‘साप’ म्हणाला की इकडे ‘आप’ पोचायचं. मी आपली जीभ कुठे, दात कुठे, वारा कुठून, सगळं शिकवत बसले. चौथ्या आठवड्यात त्याच्या आईने त्याचं मिनिटभराचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला. ‘स’ होता की! जरा गालाकडून निसटणारा होता, पण होता. तो गिळत होतं आमचं मीटिंगचं अ‍ॅप.

‘स’ म्हणजे नुसता वारा. त्याचा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो. साधा जुन्या पद्धतीचा फोन कॉल साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापून टाकतो. मीटिंग अ‍ॅप तितकं वाईट नसतं, पण त्यातलं ‘नॉइज सप्रेशन’ पंख्याच्या घरघरीबरोबर ‘स’, ‘श’, ‘फ’ यांनाही गोंगाट समजून पुसतं. म्हणून पहिल्या सेशनआधी मुलाच्या बाजूच्या यंत्रावर ही सोय बंद करायला सांगा. तुमच्या बाजूला बंद करून मुलाच्या आवाजात फरक पडत नाही, इथेच बऱ्याच जणांची गफलत होते. काही अ‍ॅपमध्ये त्यासाठी उलट ‘ओरिजिनल साउंड’ ही सोय चालू करावी लागते. हेडफोन वायरचा घ्या. ब्लूटूथ हेडफोनचा माइक सुरू झाला की बहुतेक वेळा आवाजाचा दर्जा घसरतो, आणि ऐन सेशनमध्ये त्याचं चार्जिंग संपतं ते वेगळंच.

आता माझा नियम असा की मुलाआधी मोठ्यांची परीक्षा. जवळ बसलेल्या आईला किंवा आजोबांना मी ‘साप, शाल, फुगा, चमचा, खडू’ म्हणायला लावते. आजोबांचा ‘स’ मला स्वच्छ ऐकू आला नाही, तर त्या दिवशी नातवाच्या ‘स’वर मी शेरा मारत नाही. आणि निदान करायचं असेल तेव्हा कॉलवर विसंबत नाही. फोनच्या रेकॉर्डरवर घेतलेली फाइल मागवते, कारण ती कॉलच्या चाळणीतून आलेली नसते.

आवाजाचं निस्तरलं की चेहरा. खिडकी पाठीमागे असेल तर मूल म्हणजे काळी सावली. उजेड समोरून हवा, कॅमेरा ओठांच्या उंचीला. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवली की काम भागतं. मग मुलाला दात विचकायला सांगते. हे गमतीचं नाही. सहा-सात वर्षांच्या आसपास पुढचे दुधाचे दात पडतात, आणि त्या खिंडीतून जीभ डोकावली तर ‘स’ बोबडा येणारच. अशा मुलाला नवे दात येईपर्यंत जरा दम धरलेला बरा.

आणखी एक, स्क्रीनवर स्वतःचा चेहरा दिसतो तो फुकटचा आरसा आहे. फक्त पहिली दोन मिनिटं वेडीवाकडी तोंडं करण्यासाठी राखून ठेवा, नाहीतर ती पूर्ण सेशनभर चालतात.

खरी पंचाईत हातांची. खोलीत समोर बसलेलं मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणत असेल, तर मी लाकडी चपट्या काडीने जिभेचं टोक हलकेच खाली धरते; टोक अडलं की मागचा भाग आपोआप वर जातो. ऑनलाइन हे जमत नाही, आणि पालकांना मुलाच्या तोंडात काडी घालायला मी कधीच सांगत नाही. त्याऐवजी मुलाचं स्वतःचं धुतलेलं बोट: टोक खालच्या दातांमागे दाबून धर आणि ‘क’ म्हण. तेही नाही जमलं तर सरळ उताणं झोपवते. जीभ आपल्याच वजनाने मागे सरकते. बाबांनी फोन वर धरायचा, मुलाने छताकडे बघत पाण्याशिवाय गुळण्या केल्याचा आवाज काढायचा, आणि त्यातूनच ‘क’ पकडायचा. पहिलीतल्या एका मुलीचा पहिला ‘क’ असाच टेबलाखाली आडवं पडल्यावर निघाला. पुढचे दोन आठवडे बाई बसायला तयार नाहीत. ‘क’ टेबलाखालीच राहतो, अशी तिची खात्री. मग आम्ही आधी उशीला टेकून, मग भिंतीला टेकून असं करत त्याला खुर्चीवर आणला.

गालाकडून निसटणारा ‘स’ कॅमेऱ्यात दिसत नाही आणि कॉलवर धड ऐकूही येत नाही. त्यावर स्ट्रॉ कामी येतो. एक टोक पुढच्या दातांसमोर मधोमध धरायचं आणि लांब ‘सऽऽ’ म्हणायचं. वारा मधून येत असेल तर नळीतून सूं असा आवाज येतो. नळी ओठांच्या कोपऱ्याकडे सरकवल्यावर तो वाढला, तर वारा बाजूने जातोय. ऐकायचं काम शेजारच्या मोठ्या माणसाने करायचं, मी नाही.

सरावात ‘माझ्याबरोबर म्हण’ हे विसरा. आवाज पोचायला वेळ लागतो, त्यामुळे दोघांचं बोलणं एकावर एक चढतं आणि अ‍ॅप एकाचा गळा दाबतं. मी म्हणते, तळहात पुढे करते, मग मूल म्हणतं. एवढी शिस्त पहिल्याच दिवशी लावली की पुढे त्रास नाही. क्रम नेहमीचाच: सुटा ध्वनी, मग ‘रा-री-रू’, शब्द, छोटं वाक्य, आणि शेवटी गप्पा. दहातले आठ नीट आले की वरची पायरी. ‘र’ बसत नसेल तर ‘डडड’ भरभर आणि सैल जिभेने म्हणवून बघा. बऱ्याच मुलांची जीभ त्यातून आपसूक ‘र’वर टेकते.

अर्ध्या तासात शंभरेक उच्चार व्हावेत असं माझं गणित असतं. म्हणूनच फटाके फोडणाऱ्या आणि नाचणारी अस्वलं दाखवणाऱ्या खेळांवर माझा राग आहे. एका शब्दामागे सहा क्लिक, आणि मूल अस्वलाकडे बघतंय. माझं साहित्य म्हणजे मुलाच्या घरातली दहा बटणं आणि एक स्टीलची वाटी. एकदा म्हणायचं, एक बटण वाटीत. टण्ण झालं की मलाही कळतं की त्याचं म्हणून झालं. दहा संपली की वाटी पालथी घालायची आणि पुन्हा सुरू. माउसचा ताबा मुलाला देऊन चित्रं ओढायला लावणं चांगलं, पण ते बक्षीस म्हणून, शेवटच्या पाच मिनिटांत.

जोड्यांचा खेळ मात्र स्क्रीनवर झकास रंगतो. कार-तार, साल-शाल, राख-लाख. मूल शब्द म्हणतं, मी तसलं चित्र उचलते. त्याला हवी होती कार आणि मी तार उचलली की चूक त्याची त्यालाच कळते, मला काही बोलावं लागत नाही. फक्त एक धोका, चूक कॉलची असू शकते. म्हणून शेजारचं माणूसही बोटाने चित्र दाखवतं. आमच्या दोघांचं जुळलं तरच निकाल.

हे शेजारचं माणूस नेमकं काय करणार, ते आधीच ठरवा. रिकामं बसलेलं माणूस उत्तर कुजबुजतं. मुलाचे डोळे डावीकडे वळले की समजायचं, तिकडून मदत आलीय. मी त्यांना कागद-पेन देते: नीट आलं की उभी रेघ, नाही आलं की शून्य. हात गुंतले की तोंड बंद राहतं. घरी रोज पाच मिनिटं सराव, त्याबाहेर ‘अरे नीट बोल’ म्हणायचं नाही. जेवताना, भांडताना, रडताना उच्चार सुधारायचे नसतात.

सगळंच ऑनलाइन होतं असं मात्र नाही. श्रवणतपासणी आधीच झालेली हवी. टाळूचा किंवा गिळण्याचा त्रास असेल, किंवा आवाज नाकातून येत असेल, तर कुणीतरी प्रत्यक्ष तोंडात बघायलाच हवं. रेकॉर्डिंगला पालकांची लेखी परवानगी घ्या. मूल दुसऱ्या राज्यात किंवा देशात असेल तर तिथला परवान्याचा नियम आधी बघा.

अडखळत बोलणाऱ्या मुलांसाठी ऑनलाइन चांगलं चालतं, अनेकांना स्वतःच्या खोलीत बोलणं सोपं जातं. पण तिथे कॉल पुन्हा दगा देतो. चौथीतला एक मुलगा ‘मी क…’ वर थांबला. मला वाटलं नेट गेलं, म्हणून मी मध्येच ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ केलं. तो शब्दावर अडकला होता, आणि मी त्याला तोडलं. तेव्हापासून अशा मुलांच्या सेशनला पालकांना सांगते की कॅमेऱ्यात मागचा पंखा किंवा घड्याळाचा लोलक दिसू दे. मूल थांबलं की माझी नजर आधी पंख्याकडे जाते. तो फिरत असेल तर मी गप्प बसते, चेहरा तसाच ठेवते आणि वाट बघते.