माळरानावर अनोळखी वस्तू दिसली, तर तिचं वय कसं काढायचं

आधी धोका तपासा. देवळालीजवळ तोफखान्याचं सरावक्षेत्र आहे, त्यामुळे नाशिकच्या माळावर निमुळतं, गंजलेलं लोखंड दिसलं तर फोटोसाठीही जवळ जाऊ नका. आल्या पावली मागे फिरा आणि ११२ लावा.

वस्तू निर्धोक असली तरी हलवू नका. तिचं वय सांगतो तो आसपासचा मुलूख. चारही बाजूंनी फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा. अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत लिहा, म्हणजे नोंद साधारण मीटरभरापर्यंत नेमकी होते. घळीत मात्र कड्यांवरून परतणाऱ्या उपग्रहांच्या लहरींमुळे फोन चुकतो. तिथे बाहेर मोकळ्यावर नोंद घेऊन आतलं अंतर आणि दिशा लिहा.

उंचीसाठी १ मीटरची काठी सरळ उभी धरा. काठीची सावली ८० सेंटिमीटर आणि वस्तूची २.४ मीटर असेल, तर उंची ३ मीटर. दोन्ही सावल्या एकाच वेळी, सपाट जमिनीवर मोजा; उतारावर हिशेब फसतो. नाशिकला मेच्या उत्तरार्धात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावलीच उरत नाही. तेव्हा सकाळीच जा.

आता वय. संगणकावर गूगल अर्थ प्रो उघडा, घड्याळाच्या चिन्हावर टिचकी मारा आणि आकाशातून घेतलेली जुनी चित्रं एकेक करून मागे न्या. वस्तू शोधत बसू नका, सावली शोधा. उभा खांब वरून ठिपक्याएवढाही दिसत नाही. अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात, लाल खडकांच्या घळीत, १८ नोव्हेंबर २०२० रोजी हेलिकॉप्टरमधून रानमेंढ्या मोजणाऱ्यांना सुमारे ३ मीटर उंचीचा धातूचा तिकोनी खांब दिसला. त्याचं वय असंच निघालं: ऑगस्ट २०१५च्या चित्रात तो नाही, ऑक्टोबर २०१६च्या चित्रात आहे. म्हणजे सापडण्याआधी किमान चार वर्षं तो तिथेच उभा होता! आपल्याकडे जून ते सप्टेंबरची चित्रं ढगांमुळे बहुतेक निकामी असतात. एकाच ऋतूतली चित्रं ताडून पाहा, नाहीतर झुडपाची सावली खांबाची वाटते.

ठिकाण जाहीर करू नका. युटात अधिकाऱ्यांनी ते लपवलं, तरी काही दिवसांत गाड्यांनी जमीन तुडवली गेली, आणि २७ तारखेच्या रात्री खांबही उखडून नेला गेला. नोंद वनखात्याला किंवा पुरातत्त्व खात्याला द्या. जमिनीत दडलेली, १० रुपयांहून अधिक मोलाची वस्तू निघाली, तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.