ग्रामसभेत जंगलाचा विषय बायांनी कसा लावून धरायचा

सरपण आणायचं बायांनी, मोहफुलं वेचायची बायांनी, अन् तेंदूपत्त्याचा लिलाव कधी करायचा, आलेला पैसा कुठं लावायचा ते ठरवणार पारावरची चार माणसं. स्त्रीमुक्ती वेगळी अन् पर्यावरण वेगळं म्हणणाऱ्यांनी एकदा एप्रिलमधे गडचिरोलीकडं येऊन पाहावं. असो, कामाचं सांगते.

आधी महिला ग्रामसभा. नेहमीच्या ग्रामसभेच्या अगोदर ती घ्यायची असा नियमच आहे, पण लय गावात रजिस्टर घरोघरी फिरवतात, सह्या घेतात, झाली सभा. ठराव मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका अन् सही झाली की त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढा, नंतर "असं ठरलंच नव्हतं" म्हणणारे निघतातच. वेळ पण आपणच सांगायची, मोहाच्या सीझनमधे सकाळची सभा ठेवली तर कोण येणार, बाया पहाटेपासून झाडाखाली असतात.

आता वनहक्क कायदा, 2006 चा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांना त्या जमिनीवर अन् वनोपजावर हक्क देणारा. या हक्कांचे दावे तपासायला ग्रामसभा वनहक्क समिती निवडते, तिच्यात 10 ते 15 जण असतात, त्यात एक तृतीयांश तरी बाया लागतात, नुसत्या नावाला नाही, दाव्याच्या मोजणीला पण त्यांनी जायचं, कारण पाणवठा कुठं, डिंक-चारोळी कुठं मिळते हे त्यांनाच माहीत. वैयक्तिक पट्टा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काचा कागद, नवराबायको दोघांच्या नावानं निघतो, तिचं नाव आहे का ते बघून घ्या. अन् या कामाच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. म्हणजे तुम्ही सगळ्या उठून गेल्या तर कोरमच तुटते! धमकी म्हणून वापरा, रोज नको. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मधे जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, तिथलं काम जाऊन बघण्यासारखं आहे.

पहिला ठराव मोहाखालच्या आगीचा घ्या. फुलं नीट दिसावी म्हणून पाला जाळतात, आग पसरते, रोपटी जळतात, अन् पुढं सरपणाला लांब कोण जाते? आपणच. त्यापेक्षा खराट्यानं पाला बाजूला ओढा किंवा जुनी लुगडी, जाळी अंथरा, फुलं पण स्वच्छ राहतात, भाव मागायला तोंड राहते. ठरावात "जनजागृती करावी" असलं काही लिहू नका, कोणत्या मोहाखाली कोण झाडणार ते नावानिशी लिहा. नक्कल ग्रामसेवकाला (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) द्या अन् पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.