प्राचीन काळातले छोटे खंडग्रास ग्रहण सोपाऱ्याहून दिसले असते का, हे कसे पडताळावे

मुंबईच्या उत्तरेला नालासोपाऱ्याजवळ, प्राचीन शूर्पारकात, अशोकाच्या शिलालेखाचे अवशेष सापडले. त्या काळातल्या एखाद्या ग्रहणाची तारीख सूचीत दिसली की ते या बंदरातल्या लोकांनी पाहिले असणार, असे लिहून टाकण्याचा मोह होतो. तसे लिहिण्यापूर्वी पडताळणी अवश्य करावी.

आधी ते ग्रहण साऱ्या पृथ्वीवरच खंडग्रास होते, की अन्यत्र खग्रास वा कंकणाकृती असून येथे खंडग्रास होते, हे पाहावे. एस्पेनाक आणि मेउस या ग्रहणगणितज्ञांच्या सूचीत इ.स.पू. २००० ते इ.स. ३००० या काळातली ११,८९८ सूर्यग्रहणे असून त्यांपैकी ४,२०० पहिल्या प्रकारची आहेत. त्यांत चंद्रछायेचा मध्य पृथ्वीला चुकतो आणि ग्रहण अगदी छोटे असेल तर उपच्छाया, म्हणजे चंद्राची बाहेरची फिकट सावली, केवळ ध्रुवाकडच्या प्रदेशाला स्पर्श करते, त्यामुळे असे ग्रहण १९ अंश उत्तर अक्षांशावरून दिसत नाही.

दुसऱ्या प्रकारचे असेल तर स्टेलेरियमसारख्या संगणक प्रणालीत सोपाऱ्याचे स्थान घालावे. खगोलशास्त्रीय गणनेत शून्य वर्ष असल्याने इ.स.पू. २४० साठी उणे २३९ लिहावे लागते, आणि तारीख ज्युलियन दिनदर्शिकेची असते.

सर्वांत मोठी चूक डेल्टा टी, म्हणजे एकसमान चालणारी वेळ आणि पृथ्वीच्या फिरण्यावरून मोजलेली वेळ यांतला फरक, वगळल्याने होते. चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे मंदावत आले आहे, आणि साचत गेलेला हा फरक इसवी सनाच्या आरंभापाशी सुमारे तीन तासांचा भरतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून ही दुरुस्ती विसरल्यास ग्रहणाचा पट्टा नकाशावर सुमारे ४५ अंश सरकतो आणि सोपाऱ्याला न दिसलेले ग्रहण दिसले असे ठरते. शिवाय प्रणालीने दिलेली वेळ भारतीय प्रमाणवेळेत असली, तर मुंबईच्या स्थानिक वेळेसाठी तिच्यातून ३९ मिनिटे वजा करावीत.

यानंतर ग्रासमान पाहावे. ०.२ ग्रासमान म्हणजे व्यासाचा पाचवा भाग झाकला जाणे. बिंबाचे क्षेत्रफळ मात्र सुमारे दहा टक्केच झाकलेले असते. भर दुपारी एवढा ग्रास सूर्याच्या झळाळीत कोणाच्या ध्यानीही येत नाही. म्हणून स्पर्श (ग्रहणाचा आरंभ), मध्य आणि मोक्ष (शेवट) या तिन्ही वेळी सूर्य क्षितिजापासून किती उंच होता, ते स्वतंत्रपणे नोंदवावे. ग्रहण ग्रस्तोदित किंवा ग्रस्तास्त असेल, म्हणजे सूर्य ग्रासलेल्या स्थितीतच उगवला किंवा मावळला असेल, तरच धुरकट हवेतून ते सहज दिसले असण्याची शक्यता धरावी. माझ्या मते हा निकष ग्रासमानाहूनही महत्त्वाचा आहे.

प्रणाली नीट मांडली आहे की नाही, हे २५ ऑक्टोबर २०२२ च्या ग्रहणावर आजमावता येते. दिवाळीतले ते ग्रहण साऱ्या पृथ्वीवर खंडग्रासच होते, तरी मोठे असल्याने मुंबईपर्यंत पोहोचले आणि येथे ग्रस्तास्त झाले. पडद्यावर सूर्य ग्रासलेल्या स्थितीतच अरबी समुद्रात बुडताना दिसला नाही, तर स्थान किंवा वेळ चुकली आहे असे समजून ती आधी दुरुस्त करावी आणि मगच अशोकाच्या काळाकडे वळावे.